पाटावर कोणी काय उचललं

चैत्र निम्मा सरला, की नंदुरबारच्या हवेला एक वास येतो. गोवऱ्यांच्या धगीचा, लाल झालेल्या लोखंडाचा, आणि त्यावर घागर ओतल्यावर लाकडातून फस्स करून उठणाऱ्या वाफेचा. उन्हाने लाकूड सुकतं, गाड्यांची चाकं आकसतात, आणि चाकांवरच्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे धावा, सैल होऊन खडखडायला लागतात. मग पावसाळ्याच्या आत त्या पुन्हा घट्ट बसवून घ्यायला तालुक्यातल्या सगळ्या गाड्या मिस्तरींच्या दारात येऊन पडतात. लोकांना हा वास आवडतो म्हणे. मला तो आला, की मी कचेरीत जायचा रस्ता बदलतो.

वीस-बावीस वर्षं मी असा दरसाल रस्ता बदलत आलो आहे. धुराने माझे डोळे चुरचुरतात, असं माझ्या बायकोला वाटतं. तिचा हा समज मी कधी मोडला नाही.

यंदा मात्र रस्ता बदलून भागलं नाही. आमचा माधव मॅट्रिकला बसला, परीक्षा देऊन धुळ्याहून परत आला, आणि घरात जो तो एकच प्रश्न घेऊन बसला: पुढे काय? मी छाती काढून सांगितलं, ‘पुढे काय म्हणजे? कॉलेज!’ तर चिरंजीव म्हणाले, मला दगाकाकांच्या कारखान्यात काम शिकायचं आहे. लढाईमुळे लोखंड मिळेनासं झालं, मोटारी पेट्रोलवाचून उभ्या राहिल्या, आणि हात चालवणाऱ्या माणसाचा भाव असा वधारला की कचेरीतले साहेबसुद्धा दगाला ‘दगाजी मिस्तरी’ म्हणून खुर्ची देतात. पोराने ते पाहिलं आहे. मीही पाहिलं आहे. तरी मी त्याच्यावर ओरडलो, आणि ओरडता ओरडता मध्येच थांबलो. कॉलेज बरं की हुन्नर बरा, या वादात बोलायचा मला काही अधिकार आहे का, हेच मला कळेनासं झालं. का कळेनासं झालं, ते सांगायचं तर कोरीटच्या आमच्या घरातल्या एका पाटापर्यंत मागे जावं लागेल.

दगा माझा चुलतभाऊ. मी त्याच्याहून अकरा दिवसांनी थोरला, आणि त्या अकरा दिवसांच्या जोरावर त्याने मला जन्मभर ‘भाऊ’ म्हटलं. तो पोटात असतानाच त्याचे वडील पलेगात गेले. त्याची आई गेली ती पुढे मानमोडीच्या साथीत, पण त्याआधीही तिची प्रकृती यथातथाच. दोन्ही पोरांना खरं सांभाळलं ते फुईने. फुई म्हणजे आमची आत्या. नवऱ्याने दुसरी केली म्हणून माहेरी आलेली. कपाळाला कुंकू होतं, पण त्या कुंकवाचा धनी कधी उंबऱ्याला आला नाही.

आमच्याकडे उष्टावणाच्या दिवशी, मामाने खिरीचं बोट चाटवलं की तान्ह्याला पाटाशी बसवतात. पाटावर मांडायचं ते ठरलेलं: बोरूची लेखणी, विळा, सुताराचा वासला, मूठभर कापूस. पोर ज्याला हात घालेल ते त्याचं आयुष्य. बऱ्याच घरांत हा हसण्याचा खेळ असतो. पण माझे वडील, बापू, यांना हसण्याचं वावडं होतं. देवाने एकदा दाखवलं ते बदलायचं नाही, हा त्यांचा बाणा. दगाचं आणि माझं उष्टावण एकाच दिवशी केलं. पुरुष मंडळी ओसरीवर बसली होती, बायकांची आत चुलीपाशी धांदल, आणि आम्हा दोघांना घेऊन पाटाशी बसली होती एकटी फुई. थोड्या वेळाने दारात येऊन ती म्हणाली, “मोठानी लेखनी उचली वं! आनि दगानी वासला!”

झालं. ओसरीवर सुपारी फुटली आणि दोघांची आयुष्यं वाटली गेली.

ही गोष्ट मी लहानपणी इतक्यांदा ऐकली, की मला ती आठवते असंच वाटायचं. बोरूचा गुळगुळीतपणा बोटांना आठवायचा. गावच्या शाळेत माझं गणित अडलं, की मास्तर म्हणत, ‘अरे, लेखणी उचललेला पोरगा तू!’ आणि दगाने तेच गणित माझ्याआधी तोंडी सोडवलं, की म्हणत, ‘वासल्याला काय करायचं रे गणित?’ दगा हसायचा. मीही हसायचो. शाळेतल्या शुद्ध मराठीत आमची दोघांची फजिती सारखीच व्हायची, एवढंच काय ते समान होतं.

चौथीनंतर बापूंनी मला नंदुरबारला इंग्रजी शाळेत घातलं आणि दगाला उस्मानचाचांच्या हाताखाली दिलं. उस्मानचाचा म्हणजे त्या वेळचे चाकांचे सगळ्यांत नावाजलेले मिस्तरी. स्टेशनच्या रस्त्याला त्यांचं छप्पर होतं. पाटलाच्या घरचा पोरगा मिस्तरीच्या हाताखाली, तोही मुसलमानाच्या, म्हणून भाऊबंदांनी बोंब मारली. बापू एवढंच म्हणाले, “पाटवर ठरनं ते ठरनं.” आम्हाला रांधून घालायला फुई आली. एक खोली, एक चूल, एका कोपऱ्यात माझी पुस्तकं आणि दुसऱ्या कोपऱ्यात दगाची हत्यारं. ईदेला दगा चाचांकडे शीरखुर्मा पिऊन यायचा, तेव्हा फुई भिंतीकडे तोंड करून म्हणायची, “मले कायी दिसनं नई.”

त्या खोलीतल्या सकाळी मला फार आठवतात. मी भूमिती मोठ्याने घोकायचो. दगा वासल्याला धार लावत बसायचा. मी सिद्धान्ताच्या मध्यावर अडकलो, की तो दगडावरून नजर न उचलता म्हणायचा, “भाऊ, तो कोन पयलाच सारखा सिद्ध व्हयी गया ना. मंग आते कसाले रडस?” त्याने पुस्तक उघडलेलं नसायचं. माझं घोकणं कानावर पडून पडून त्याच्या डोक्यात सगळं नीट लागलेलं असायचं, आणि माझ्या डोक्यात नुसता गलका. मला त्याचा राग यायचा. हे आज लिहायला लाज वाटते, पण यायचा. हा आपल्या कोपऱ्यात का राहत नाही, असं वाटायचं.

उस्मानचाचांचा एक रिवाज होता. शिकाऊ माणसाने पहिली धाव बसवायची ती आपल्या घरच्या गाडीवर. चुकला तर त्याच्या घरच्यांनीच चिखलात रुतावं, परक्याने का? दगाची पाळी आली, तेव्हा बापूंची कापसाची गाडी कोरीटहून आली. धाव चाकापेक्षा जरा आखूड कापायची असते. तापवली की ती फुगते, चाकावर उतरते, आणि पाणी पडलं की आवळते. किती आखूड, हेच सगळं इंगित. कमी कापली तर महिन्यात सैल, जास्त कापली तर आरे कडाकडा मोडतात. चाचा ते माप एक लहानसं चाक फिरवून, बोटांनी चाचपून काढायचे, आणि त्या वेळी कोणी खोकलेलंही त्यांना खपायचं नाही. दगाने मापाचं चाक फिरवलं, आणि मग कोळसा घेऊन भिंतीवर आकडे मांडले. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांचं माझ्या पुस्तकातलं गणित होतं ते. मी दारात उभा होतो. चाचांनी आपल्या रीतीने माप काढलं. दोन्ही मापं केसभरही इकडेतिकडे नव्हती.

चाचांनी जवळ जाऊन त्या आकड्यांवरून बोट फिरवलं. त्यांना अक्षर येत नव्हतं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, “पटेल, ये तो तुम्हारे मदरसे का माल शे. मेरे यहाँ कैसे आया?”

दगाने कोळसा खाली टाकला. “पाटवर मी वासला उचला व्हता, चाचा,” तो म्हणाला. अगदी सहज म्हणाला, उन्हाला ऊन म्हणावं तसं.

ती धाव बापूंच्या गाडीवर किती वर्षं टिकली, ते मी मोजलं नाही. गाडी मोडीत निघाली तेव्हा ती दुसऱ्या चाकावर चढवली, एवढं ठाऊक आहे.

मग माझी मॅट्रिकची परीक्षा आली. धुळ्याला जाताना फुईने हातावर दही ठेवलं, दगाने मला नवी कोरी लाकडी पट्टी करून दिली, शिसवीची, कडा अशा सरळ की कागदावर उभी धरली तर खालून उजेड जाऊ नये. पेपर कसे गेले, असं विचारल्यावर मी सगळ्यांना ‘बरे’ म्हणालो. भूमितीच्या पेपराला मी दोन तास त्या पट्टीकडे पाहत बसलो होतो, हे कोणाला सांगितलं नाही. परत आलो, आणि निकाल लागेपर्यंत नुसता बसून होतो. तो चैत्र-वैशाख काय भाजत होता! गावात पाण्याचा खडखडाट, कावळे चोच उघडी ठेवून बसलेले, आणि स्टेशनच्या रस्त्याला दिवसभर गोवऱ्यांचे गोल पेटलेले. दगा पहाटे जायचा आणि भुवया जळलेल्या अवस्थेत यायचा. जेवताना त्याच्या बोटांना घास धरता येत नसे. मी त्याच्या हातांकडे पाहून मनात म्हणायचो, बरं झालं बुवा, मी लेखणी उचलली.

निकाल मुंबईच्या पेपरात यायचा आणि पेपर गाडीने यायचा. मी स्टेशनवर गेलो. एका वकिलाच्या कारकुनाने पेपर माझ्यासमोर धरला. मी माझा नंबर शोधला. नव्हता. पुन्हा शोधला. माझ्या आधीचा होता, माझ्या नंतरचा होता. माणसाला एवढ्या उन्हात गारठा भरू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. कारकून काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. मी खोलीपर्यंत कसा चालत आलो, ते आजही मला सांगता येणार नाही.

फुई जात्याशी होती. माझं तोंड पाहून तिने खुंटा सोडला. मी म्हटलं, “फुई, मी नापास.” आणि तिच्या मांडीशी बसून लहान पोरासारखा रडलो. बापूंना तोंड कसं दाखवू, लेखणी उचललेला मी, गावात आता काय म्हणतील, असं बरंच काही बरळलो. तिने पिठाचा हात माझ्या डोक्यावरून फिरवला. मला शांत करायचं म्हणून, माझं दुःख हलकं करायचं म्हणून, केवळ मायेपोटी ती म्हणाली, “तुन्हा काय दोस शे रे भाऊ? तू लेखनी उचलीच नव्हती.”

मला वाटलं, तिला बोलायचं आहे एक आणि ती बोलली भलतंच. मी वर पाहिलं.

“दगानी उचली व्हती,” ती म्हणाली. “हातमा धरी ते सोडेच ना. तू ते नुसता रडी ऱ्हायंता. तू कायीच उचलं नई.”

पायाखालची जमीन सरकणं म्हणतात, ते मी तोवर वाचलंच होतं. त्या दिवशी ती खरोखर सरकली. मी जात्याची पाळ घट्ट धरली. अठरा वर्षं ज्या बोरूचा गुळगुळीतपणा मला बोटांत आठवत होता, तो बोरू मी कधी धरलाच नव्हता! मग दगा इथे का? मग मी तिथे का? डोक्यात एकदम एकच उत्तर आलं, आणि ते फार घाणेरडं होतं. मी घरच्या धन्याचा मुलगा, दगा बिनबापाचा. माझ्या भल्यासाठी फुईने त्याचं आयुष्य उचलून माझ्या पाटावर ठेवलं. मी तिला तसं बोललोसुद्धा.

फुई माझ्याकडे पाहतच राहिली. तिला माझा राग आला नाही, नवल वाटलं. “तुन्हा भलासाठे?” ती म्हणाली. “अरे, मी दगानं भलं देखं! बाप शे त्याले लेखनी. बिनबापना पोऱ्याले बारा वरीस शायमा कोन पोसी? उद्या बापूनं मन फिरनं, ते तो ना शेतना, ना शायना. हातमा हुन्नर ऱ्हायना, ते कोठे बी जाई आनि भाकर खाई. लेखनी तुले दिधी कारन तुले परवडस.”

म्हणजे उरलंसुरलं मला दिलं होतं. चांगलं होतं ते तिने दगासाठी राखलं होतं! तिच्या लेखी वासला ही भाकर होती आणि लेखणी ही चैन, बाप असलेल्यांनी करायची. नवऱ्याने टाकलेल्या त्या बाईने जगात एकच गोष्ट पाहिली होती: दुसऱ्याच्या घासावर जगणाऱ्याचं काय होतं, ती. त्या एका अनुभवावर तिने दारात उभं राहून खोटं सांगितलं, आणि माझ्या बापासारखा करडा माणूस त्या खोट्यापुढे अठरा वर्षं मान तुकवून बसला. मला हसावं की ओरडावं, कळेना. ती चुकली, असं ठणकावून म्हणायला माझ्याजवळ नापासाचा निकाल होता, आणि ती बरोबर होती, असं म्हणायला भिंतीवरचे ते कोळशाचे आकडे आड येत होते.

मी विचारलं, “दगाले माहीत शे?”

“नई.” ती पुन्हा जात्याकडे वळली. “सांगानं व्हई ते तू सांग. मन्ही जीभ येकदाव खोटं बोलनी, आते खरं बोलाले धजत नई.”

मी तसाच उठून भर उन्हात स्टेशनच्या रस्त्याला गेलो. सांगायलाच गेलो होतो. हे मी शपथेवर सांगतो. छपरापुढे गोवऱ्यांचा गोल धगधगत होता, आत धाव लालबुंद झालेली, आणि दगडावर चाक पालथं निजवलेलं. चार जणांचं काम, आणि नेमका एक माणूस आलेला नव्हता. मला पाहताच उस्मानचाचा ओरडले, “पटेल, एक आदमी कम शे! पकड सांडशी! ढीली मत पकड!” विचार करायला वेळ नव्हता. मी आयुष्यात पहिल्यांदा सांडशी धरली. आम्ही चौघांनी ती आगीची कडी उचलली. समोर दगा होता, डोळे बारीक केलेले, कपाळावरून घाम थेट पापण्यांवर. त्याचं पाऊल जसं पडेल तशी आमची पावलं पडत होती. धाव चाकावर उतरली, लाकडाने पेट घेतला, दगाने चार जागी घण घातला, आणि मग घागरींवर घागरी. आरे आत आत दबत गेल्याचा एक कडकडाट झाला आणि थांबला. दगाने चाकाला नुसता तळवा लावला आणि त्याच्या तोंडावर जे समाधान पसरलं, ते मी कुठल्याही पुस्तकातलं काही समजल्यावर कधी अनुभवलेलं नव्हतं.

मग त्याने माझ्याकडे पाहिलं. “निकाल उना का?”

“नापास,” मी म्हटलं.

त्याने ओले हात धोतराला पुसले आणि माझे दोन्ही खांदे धरले. “भूमितीमा ना? जाऊ दे. पुढला साले पुन्हा बस. रोज पहाटे मी करी लिसू तुन्हाकडथीन.”

इथे सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण त्या क्षणी एक गोष्ट मला लख्ख दिसली. हे बापूंच्या कानावर गेलं, तर बापू शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी ते दगाला शाळेत बसवतील आणि मला या आगीपुढे आणून उभं करतील. माझ्या तळहातांना सांडशीचे फोड आले होते. मी तोंड मिटलं. आज नको, उद्या सांगू, असं म्हटलं. आणि उद्यासारखी सोयीची तिथी पंचांगात दुसरी नाही.

पुढचं वर्षभर पहाटे दगाने माझ्याकडून भूमिती करून घेतली. मी पास झालो. बडोद्याला कॉलेजात गेलो. तिथे मला काही मिळालं नाही, असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मोठं वाचनालय होतं, उंच खिडक्या होत्या, आणि आपल्या कोरीटपलीकडे माणसांनी काय काय विचार करून ठेवला आहे, हे पाहून मी अक्षरशः थक्क व्हायचो. तो आनंद खरा होता. पण वाचता वाचता मध्येच वाटायचं, ही खुर्ची दुसऱ्याची आहे, तो आला की उठावं लागेल. दोन वर्षांनी अभ्यास झेपेना तेव्हा मी उठलोच, आणि मामलेदार कचेरीत चिकटलो. अर्जांच्या नकला करतो. अक्षर चांगलं आहे, असं साहेब म्हणतात.

फुई गेली. बापू गेले. उस्मानचाचांनी आपलं छप्पर पोटच्या मुलासारखं दगाच्या हाती दिलं, आणि दगाने त्याचा कारखाना केला. आता तिथे तेलाची इंजिनं दुरुस्त होतात, कापसाच्या जिनातल्या यंत्रांचे भाग बनतात. सुखी आहे का तो? मला नेहमी वाटे, आहे. मला तसं वाटून घेणं भागच होतं.

परवा सकाळी तो घरी आला. माधवचा हट्ट त्याच्या कानावर गेला होता. मला वाटलं, हा पोराची बाजू घेणार. तर ओसरीवर बसून तो उलट मलाच समजावू लागला. “भाऊ, पोऱ्याले कालेजमा धाड. मन्हाकडे नको. हातनं काम करनारा मानूस यंत्र खोलस, नीट करस. पन ते यंत्र असंच का, हाई त्याले कोनी सांगत नई. मी जन्मभर ‘असंच का’ म्हनीसन इचारत ऱ्हायनू. इंजिनसंगे इंग्रजीमा पुस्तक येस, त्याना चित्रं देखस मी, आनि बंद करी ठेवस.” चहाचा एक घोट घेऊन तो हसला. “मन्हं सोड. मी पाटवर वासला उचला व्हता. याले कसाले बांधस?”

चाळिशीला आलेला माणूस, दहा जणांना पोसणारा, आणि अजून त्या पाटाशी बसलेला!  बावीस वर्षं दडवलेलं ते सगळं एकदम बाहेर पडलं. मी ठरवून सांगितलं नाही, सांगितलं गेलं. लेखणी तू उचलली होतीस. मी रडत होतो. फुईने दारातून उलट सांगितलं. तुझ्या भल्यासाठी.

दगा आधी हसला. मग त्याने माझं तोंड पाहिलं आणि हसणं थांबवलं. कप खाली ठेवताना बशीवर आपटला.  

“फुईनी मन्हं भलंच देखं,” तो शेवटी म्हणाला.  “तिले काय म्हनू? तिनी मन्हा पोटना इचार करा.”

मला एकदम मोकळं वाटलं. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं का भ्यायलो, असं वाटलं. मी त्याच्यासाठी आणखी चहा सांगायला आत वळलो.

“भाऊ,” तो मागून म्हणाला, “तुले कवय सांगं फुईनी?”

मला खोटं बोलता आलं असतं. मरताना सांगितलं म्हटलं असतं, तर कोण विचारायला जाणार होतं? “मन्हा निकाल उना त्या दिवशी,” मी म्हणालो. “तू धाव चढायी ऱ्हायंता.”

त्याने मनाशी काहीतरी जुळवलं. मग माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. त्या नजरेत राग असता, तर मला बरं वाटलं असतं.

“म्हंजे तवय मी अठराच वरीसना व्हतू,” तो म्हणाला.

तो उठला आणि पायऱ्या उतरून गेला. अठरा वर्षांच्या माणसाला शाळेत बसता येतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्याच वर्षी मी स्वतः पुन्हा बसलो होतो, आणि मला शिकवायला तो होता.